नऊशे दहा

बालाघाटच्या गुजरी बाजारात काकाजी कापडी पिशवी हलवत शिरले, की जुने किराणावाले तेलाची पाकिटं पुढच्या फळीवरून उचलून मागच्या फळीवर टाकतात. काकाजी उधारी बुडवणारे नाहीत. घासाघीस करणारे नाहीत. चव पाहायच्या नावाखाली मूठभर शेंगदाणे तोंडात टाकणारे तर मुळीच नाहीत. त्यांचं मागणं एवढंच असतं, "सेठ, हे लिटरचं पाकीट जरा काट्यावर ठेवून पाहा ना."

सेठ ठेवतो. काट्यावर आकडा येतो ९१६.

"रिकाम्या पाकिटाचे सहा गेले. राहिले नऊशे दहा. बरोबर आहे, द्या."

प्रकरण इथेच संपलं तर कुणाची तक्रार नव्हती. पण मागे उभी असलेली एखादी नवखी बाई हमखास विचारते, "काकाजी, लिटर म्हणजे किलोच ना?" सेठ डोळे मिटून घेतो. नोकर गादीवर टेकतो. दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जातात. काकाजी पिशवी खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणतात, "बाई, पोह्यावरची तर्री वर काहून तरंगते, सांगा बरं?"

समोर त्यांना सगळे काकाजी म्हणतात आणि पाठ फिरली की 'नऊशे दहा'. त्यांचं आडनाव आता फक्त लग्नपत्रिकेत आणि रेशनकार्डावर उरलं आहे. हे टोपणनाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे. त्याचा त्यांना राग नाही. उलट एकदा कुणीतरी चुकून 'नऊशे वीस' म्हणालं, तेव्हा मात्र ते चिडले होते. "नऊशे वीस थंडीत होते, तेही सोयाबीनचे," असं त्यांनी जागच्या जागी सुनावलं.

काकाजींची नोकरी भरवेलीच्या बाजूला, मँगनीजच्या खाणीच्या काट्यावर झाली. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, काकाजी वजन लिहायचे, ट्रक उतरायचा. सगळे त्यांना काटाबाबू म्हणत. मँगनीजचा दगड मोठा फसवा. लिटरभर जागेत मावणारा घट्ट दगड चार किलोंच्याही वर भरतो. ट्रक डोळ्याला अर्धा रिकामा दिसतो आणि काट्यावर मात्र टायर दबलेले असतात. नवे ड्रायव्हर म्हणत, "बाबू, अभी तो आधी गाडी खाली है." काकाजी म्हणत, "तुझा डोळा खाली आहे, गाडी नाही." जागा किती व्यापली आणि भार किती झाला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांनी सगळी नोकरी पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर काटा सुटला तरी पाहणं सुटलं नाही. खाणीत दगड जड होता म्हणून फसवायचा, घरी तेल हलकं आहे म्हणून फसवतं, एवढाच काय तो फरक.

तर तर्री. रस्सा उकळून निवांत झाला की लाल तेल वर येतं, कारण तेवढ्याच जागेतलं पाणी तेलापेक्षा जास्त भरतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपल्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलेलं असतं. तिथून आपण लिटर आणि किलो हे सख्खे भाऊ समजतो आणि दुधापासून डिझेलपर्यंत सगळ्यांना तोच नियम लावतो. दूध लिटरला किलोच्या थोडं वर जातं. मध तर एक किलो चारशेपर्यंत जातो. म्हणून बैहरकडून कुणी जंगलाचा मध बाटलीनं, लिटरच्या भावात विकायला आलं, की काकाजी सगळ्यांच्या आधी पैसे काढतात. शेंगदाणा, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल ही आपली रोजची तेलं मात्र सगळी लिटरला नऊशे दहाच्या मागंपुढं. म्हणजे लिटरचे किलो करायचे तर ०.९१ नं गुणायचं, किलोचे लिटर करायचे तर १.१ नं. एवढं दोन ओळींचं गणित. पण काकाजींनी ते कधी दोन ओळींत सांगितल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

या घोळाचं मूळ ते फार मागे नेतात. त्यांच्या वडिलांच्या काळात कच्चा शेर होता, पक्का शेर होता, मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा. धान खंडी-कुडोनं मोजायचं, तेल पावशेर-छटाकात. पक्का वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. १९५६ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. नोव्हेंबरात शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. डिसेंबरात वजन-मापांचा कायदा झाला आणि किलो-लिटर यायचं ठरलं. "राज्याची हद्द एका दिवसात बदलली बाप्पा," काकाजी म्हणतात, "पण लोकांच्या डोक्यातला शेर काही गेला नाही. शेर दोन्हीकडे चालायचा, मापालाही अन् वजनालाही. म्हणून तं लोक लिटर अन् किलोही एकच समजून राहिले." हे खरं की खोटं, हे इतिहासकारांनी ठरवावं. आमच्या मोहल्ल्यात त्याला विरोध करायची कुणाची छाती नाही, कारण विरोध केला की छटाकापासून पुन्हा सुरुवात होते.

काकाजींच्या स्वयंपाकघरात गेलात तर ओट्याच्या वर एक खिळा दिसेल. त्या खिळ्याला कपड्याच्या चिमट्यानं तेलाचं रिकामं पाकीट उलटं टांगलेलं असतं, एका कोपऱ्यात तिरपं कापलेलं, आणि खाली स्टीलची वाटी. रात्रभर थेंब थेंब गळतं. सकाळी काकाजी वाटी काट्यावर ठेवतात आणि आकडा कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, पेन्सिलीनं लिहितात. काकी पहिल्यांदा वैतागल्या होत्या. आता त्याच वाटीत सकाळच्या फोडणीची मोहरी टाकतात आणि वाटी उचलताना म्हणतात, "आज कमी निथळलं, थंडी पडली वाटते." संसारात मतभेद मिटतात ते असे, एक जण दुसऱ्याच्या वेडाचं हवामानखातं होतो.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. सूनबाईंनी नातवाच्या वाढदिवसाला केक करायला घेतला. कृतीत लिहिलं होतं अर्धा कप तेल, आणि घरात कप नव्हता, काटा होता. तिनं बिचारीनं सहज फोन केला, "बाबा, अर्धा कप म्हणजे किती ग्रॅम हो?" हा प्रश्न विचारणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घरातच सापडलं होतं. आधी त्यांनी विचारलं, कप कोणता, २४० चा की २५० चा? मग २४० धरला, अर्धा म्हणजे १२० मिलीलिटर, गुणिले ०.९१, म्हणजे १०९ ग्रॅम. "सव्वाशे टाकू नको बेटा, केक तेलकट होईल. मोठा चमचा असेल तर पंधरा मिलीलिटरचा, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. आठ चमचे टाक." मग तेल ओतायच्या आधी भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, हे सांगितलं. मग भांडं काचेचं असेल तर कडेला किती तेल चिकटतं ते सांगितलं. फोन ठेवेपर्यंत ओव्हन तापून थंड झाला होता. केक मात्र चांगला झाला, हे सूनबाई प्रामाणिकपणे कबूल करते. पुढच्या वर्षी तिनं केक विकत आणला.

खरी परीक्षा लग्नात होते. आमच्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाची यादी आचारी महाराज लिहितात आणि त्यात तेल पिप्यांत असतं. मोहल्ल्यातल्या एका लग्नाला सहा पिपे लिहिले होते. मुलीच्या मामांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की बाजारात पिपा चोवीसशेला होता, मी साडेबावीसशेनं आणला, पिप्यामागे दीडशे वाचवले. मांडवात ताडपत्रीवर सहा पिपे ओळीनं उभे. काकाजी पाहुणे म्हणून आलेले, हातात पोह्यांची बशी. त्यांनी बशी खुर्चीवर ठेवली आणि पिप्यापुढं उकिडवे बसले.

"मामाजी, हा पंधरा लिटरचा आहे."

"हो ना. पंधराचाच पिपा असते."

"तो पंधरा किलोचा असते. हा लिटरचा आहे. यात तेरा किलो साडेसहाशे आहे."

मग मांडवातच हिशेब झाला. चोवीसशेचा पिपा पंधरा किलोचा, म्हणजे किलोला १६० रुपये. साडेबावीसशेचा पिपा १३.६५ किलोचा, म्हणजे किलोला जवळपास १६५. मामाजींनी वाचवलेले नऊशे रुपये तर गेलेच, वर किलोमागे पाच रुपये जास्त पडले. आणि सहा पिप्यांत मिळून आठ किलोंवर तेल कमी आलं. मामाजींचा चेहरा पाहून वरपक्षातल्या कुणालातरी वाटलं, की देण्याघेण्यावरून काही बिनसलं आहे. दोन वडीलधारी माणसं समजूत काढायला धावली. त्यांनाही काकाजींनी तर्रीपासून सांगायला घेतलं.

आचारी महाराज मात्र भट्टीजवळ बसून शांतपणे विडी ओढत होते. त्यांना बोलावलं. "महाराज, आठ किलो तेल कमी आहे. पुऱ्या पुरतील काय?" महाराजांनी राख झटकली. "काकाजी, मी पिपा धरतो तो लिटरचाच. लोक तोच आणतात. किलोचा आणला तं उरते, घरच्यांना वाटते महाराज इमानदार आहे. मग वरून एक पिपा मी जास्त लिहितोच, कारण एक पिपा कुणाच्या ना कुणाच्या घरी जाते."

काकाजी त्या रात्री नीट जेवले नाहीत. तेल कमी आलं, याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, तेल तर पुरून उरलं. एक चूक दुसऱ्या चुकीनं खोडून जग इतकं सुरळीत चालू शकतं, हे त्यांना सोसलं नव्हतं.

आणि मग २०२२ साल आलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं तेलवाल्या कंपन्यांना कळवलं, की पाकिटावर लिटरच्या जोडीला वजन छापता ते बरोबर जुळवा आणि तापमान छापणं बंद करा. मुदत दिली १५ जानेवारी २०२३ पर्यंतची. भानगड अशी, की तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशाला ९१९.१ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. हे आकडे सरकारच्याच पत्रकात होते. पाकिटावर बारीक अक्षरात '६० अंशाला एक लिटर' असं छापलं, की साडेसव्वीस ग्रॅम तेल कमी भरूनही लिटर तो लिटरच. तुमच्या घरी ओट्यावर ते निवलं, की लिटरचे ९७१ मिलीलिटर होतात. आता ६० अंशाला तेल कोण ठेवतं? बालाघाटच्या मे महिन्यालासुद्धा ते जमत नाही.

ती बातमी आली त्या दिवशी काकाजी हनुमान चौकात उभे होते. हातात पेपर, घडी बरोबर त्या बातमीवर घातलेली. इतकी वर्षं ज्याला लोक वेड म्हणत, ते दिल्लीहून छापून आलं होतं. आम्हाला वाटलं, आता काकाजी पेढे वाटतील, निदान छाती काढून चालतील. पण दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. भांडण जिंकलं की भांडणारा माणूस रिकामा होतो. पाकिटावर सगळं बरोबर छापून यायला लागलं, तर काट्यावर ठेवायचं तरी काय?

त्यांच्या सुदैवानं सरकारनं त्याच सुमारास दुसरंही एक काम केलं. तेलाची पाकिटं ठरावीक मापांचीच हवीत, ही जुनी सक्ती काढून टाकली. पूर्वी अर्धा, एक, दोन, पाच असं ठरलेलं असायचं. आता कंपनीला हवं ते माप. लिटरच्या पाकिटासारखंच दिसणारं, तेवढंच उंच, तसंच गुबगुबीत पाकीट फळीवर येतं आणि त्यावर लिहिलेलं असतं ८५० ग्रॅम, कधी ८००. गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून एका ग्रॅमला किती पैसे पडतात तेही छापायचं, असा नियम आहे. पण वजनात विकणारा ग्रॅमचा नाहीतर किलोचा भाव छापतो आणि मापात विकणारा मिलीलिटरचा नाहीतर लिटरचा. दोन पाकिटं शेजारी ठेवली तरी तुलना होत नाही, मध्ये ०.९१ नं गुणणारा माणूस लागतोच. काकाजी पुन्हा ताजेतवाने झाले. त्यांची पिशवी पुन्हा हलायला लागली.

डॉक्टरांकडेही त्यांचा हाच खाक्या. डॉक्टर म्हणाले, "काकाजी, वय झालं, तेल कमी करा. माणशी महिन्याला अर्धा." काकाजींनी विचारलं, "अर्धा किलो की अर्धा लिटर?" डॉक्टर हसले. काकाजी हसले नाहीत. "पंचेचाळीस ग्रॅमचा फरक आहे डॉक्टरसाहेब. वर्षाचे पाचशे चाळीस झाले." डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'अर्धा' खोडून 'अर्धा लिटर' लिहिलं. आमच्या माहितीत तेल लिहून दिलेली ती एकमेव चिठ्ठी असावी.

एवढं वाचून कुणाला वाटेल, काकाजी चिक्कू आहेत. तसं नाही, आणि त्याचा पुरावा शेजारच्या वाटीनं दिला. मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या वहिनी काकींकडून वाटीभर तेल घेऊन गेल्या. तेल परत आलं ते डिसेंबरात, सकाळी सकाळी. वाटी तीच, काठोकाठ भरलेली. काकींनी तेल बरणीत ओतलं आणि विषय संपला. काकाजींचा संपला नाही. मे महिन्यात घरात चाळीस अंश होते, डिसेंबरातल्या त्या सकाळी बारा. अठ्ठावीस अंशांचा फरक, लिटरला एकोणीस ग्रॅम. वाटी दीडशे मिलीलिटरची. म्हणजे तेल देताना फुगलेलं होतं आणि परत येताना आकसलेलं. वाटी तेवढीच भरली, पण आपल्याकडे तीन ग्रॅम तेल जास्त आलं.

दुपारी काकाजी शेजारी गेले. हातात छोटी कटोरी, तळाशी चमचाभरही नाही एवढं तेल. वहिनींना वाटलं, देवासमोरच्या दिव्यासाठी आणलं. त्यांनी हात जोडले. काकाजींनी उन्हाळा-हिवाळा समजावून सांगितला. वहिनी "हो ना, हो ना" करत राहिल्या आणि शेवटी ते तीन ग्रॅम तेल त्यांनी खरंच दिव्यात घातलं. काकाजी घरी आले ते एकदम हलके होऊन. त्यांना कमी आलेलं जेवढं सलतं, तेवढंच जास्त आलेलंही सलतं. नव्वद ग्रॅम कमी आले म्हणून दुकानदाराशी भांडणारी माणसं बाजारात पुष्कळ सापडतात. तीन ग्रॅम जास्त आले म्हणून भर थंडीत चपला घालणारा, आमच्या माहितीत, हा एकच.

अशा माणसाबरोबर राहणं कठीण असतं, बाजारात जाणं त्याहून कठीण आणि लग्नाला नेणं तर अशक्य. पण ज्या मोहल्ल्यात असा एक जण असतो, तिथल्या दुकानदाराचे काटे बरोबर असतात, त्यांवर नापतौलचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या खात्याचा, शिक्का ताजा असतो आणि दुकानात शिरणाऱ्या लहान पोरालाही पाकिटावर कुठं बघायचं ते ठाऊक असतं. याचं श्रेय त्याला कुणी देत नाही, कारण द्यायला गेलं तर तो तेही मोजून घेईल.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. तेल घेताना पाकीट उलटं करा. लिटर मोठ्या अक्षरात असतो, ग्रॅम बारीक अक्षरात. बारीक अक्षर वाचा, किमतीला ग्रॅमनं भागा आणि किलोचा भाव काढून मगच दुसऱ्या पाकिटाशी ताडून पाहा. पिपा घ्याल तर पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि बालाघाटला आलात तर दुकानात उभं राहून मोठ्यानं विचारू नका, लिटर म्हणजे किलोच ना? काकाजी मागेच उभे असतात.